साहेबापुढची तालीम

उत्तराने आईची रोवळी हॅटसारखी डोक्यावर चढवली, खुर्चीत पायावर पाय टाकला आणि वडिलांना फर्मावलं, “अण्णा, दारातून परत या. आणि पंच्याला हात पुसत येऊ नका. साहेबाकडे जेवायला निघालात का?”

अण्णा परत आले. कोलशेतच्या कारखान्यात ते अकरा वर्षं असिस्टंट स्टोअरकीपर होते. उद्या, सोमवारी, गोरा साहेब मुख्य स्टोअरकीपर निवडणार होता. मागच्या खेपेला त्याने विचारलं होतं, काम कसं चाललंय? आपल्या कृपेने बरं आहे, असं अण्णा म्हणाले आणि जागा दुसऱ्याला गेली.

म्हणून ही तालीम. उत्तरा दहावीत, इंग्रजीच्या बाईंची लाडकी. यशाचे, जोशाचे वाक्प्रचार तिच्या वहीत नुसते खच्चून भरलेले.

“वेल, मिस्टर कर्णिक, हाऊ इज द वर्क?”

“बाय युवर काइंडनेस, सर...”

“नाही हो अण्णा. ‘गोइंग ग्रेट गन्स, सर.’ तोफा धडाडल्यासारखं जोरात चाललंय. म्हणा.”

“अगं, स्वतःच्या कामाला तोफा कसल्या लावायच्या? लोक काय म्हणतील?”

“तिथे लोक नसतात. एकटा साहेब असतो.”

आई वाल सोलत बसली होती. “मला बघायला आले तेव्हा मॅट्रिक झालोय म्हणाले नुसतं. पहिला वर्ग मिळालेला, ते मला लग्नानंतर कळलं.”

अण्णा लाजले. मग फरशीकडे बघत पुटपुटले, “ग्रेट गन्स, सर.” तोफ राहू दे, लवंगी फटाकासुद्धा वाजला नाही.

“हाऊ हार्ड डू यू वर्क?”

इथे ‘हॅमर अँड टाँग्ज’ म्हणायचं होतं, म्हणजे घण घातल्यासारखं, तुटून पडून.

“ॲज पर ड्यूटी, सर,” अण्णा म्हणाले.

उत्तरा रडकुंडीला आली. उद्या काय होणार ते तिला स्वच्छ दिसत होतं. तिने वही मिटली आणि काहीतरी विचारायचं म्हणून साहेबाच्याच आवाजात विचारलं, “अँड युवर डॉटर, मिस्टर कर्णिक? हाऊ इज हर इंग्लिश?”

अण्णांची मान वर आली.

“सेकंड टु नन, सर.” आवाज असा खणखणीत, की शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

कुणालाही हार न जाणारी! हा वाक्प्रचार वहीत नव्हताच. साहेबाने डोक्यावरची रोवळी काढून मांडीवर ठेवली.

“उद्या हिला बरोबर घेऊनच जा,” आई म्हणाली. “काही बोलणार नाही. नुसती शेजारी उभी राहील.”