नवसाचा बोकड

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीच्या माळावर लांडगे भरदुपारी शेरडांवर पडू लागले. छगनचा भुऱ्या म्हणजे राखणीचा कुत्रा. डोळे उघडायच्या आतच छगननं त्याला शेळीच्या आचळाला लावलं होतं. तिच्या करडाबरोबर एकाच कासेवर तो वाढला. करडाचा बोकड झाला तरी दोघं एकमेकांना चिकटूनच झोपायचे. त्या बोकडावर लांडग्यानं झडप घातली, तेव्हा भुऱ्यानं लांडग्याचा गळा धरला आणि तो मरेपर्यंत सोडला नाही. बोकडाला ओरखडाही आला नाही, पण भुऱ्याचं पोट फाटलं.

छगननं दाभणानं पोट शिवलं, जखमेत हळद भरली आणि माळावरच्या म्हसोबाला हात जोडले. "माझं कुत्रं वाचव देवा. बोकड देतो तुला."

भुऱ्या वाचला. कळपात बोकड तेवढा एकच होता.

छगननं त्याला म्हसोबापुढं नेलं, कपाळाला गुलाल लावला, गुडघ्याखाली दाबलं आणि मानेला सुरा लावला. बोकड ओरडला. दावं तोडून भुऱ्या आला आणि त्यानं छगनचा गळा धरला.

छगनच्या भावानं, कानिफानं, कुऱ्हाड उचलली.

नवऱ्याच्या गळ्यातून उसळणाऱ्या रक्तावर पदराचा बोळा दाबत बनुबाई म्हणाली, "भावजी, त्याला मारू नगा. नवस यांनी बोलला. बोकड त्याचा हुता."