उत्तर ठेवायची जागा

आमच्या ॲडलेडच्या गोदीत पाणबुड्यांचे प्रोग्राम ॲडा भाषेत लिहितात, आणि ॲडा ही महाखडूस बाई आहे. नव्याने आलेल्या डेक्लनने प्रोग्राममधून ऑपरेटिंग सिस्टिमला एवढंच सांगितलं, की जुनी फाइल पुसून टाक. ॲडाने तो प्रोग्राम घ्यायलाच नकार दिला.

"आता काय झालं हिला?" तो शेजारच्या ब्रॉनविनवर खेकसला.

"काम झालं की नाही ते सिस्टिम सांगते ना? ते उत्तर तू घेतलंच नाहीस. इथे विचारून पळून जाता येत नाही बाबा. उत्तर कुठेतरी ठेवावंच लागतं."

"पण मला नकोय ते उत्तर!"

"नको असलं तरी ठेव."

डेक्लनने चिडून प्रोग्राममध्ये 'भंगार' नावाचा एक डबा केला आणि उत्तर त्यात टाकलं. ॲडा मुकाट चालायला लागली. मग काय, महिनाभर सिस्टिमचं प्रत्येक उत्तर भंगारात! ब्रॉनविन बघायची आणि कपाळावर हात मारायची.

शुक्रवारी गोदीच्या अंगणात आम्ही सगळे सॉसेज भाजत होतो. डेक्लन तिच्याजवळ आला, कानापर्यंत लाल. "उद्या माझ्याबरोबर फुटबॉल बघायला येशील? म्हणजे… आपण दोघंच?" एवढं बोलून त्याने हातातला चिमटा तिच्या हातात कोंबला आणि गाडीकडे धूम ठोकली.

"ए शहाण्या!" ब्रॉनविन चिमटा उगारून ओरडली. "विचारलंस ना? मग उत्तर कोण घेणार?"

तो जागच्या जागी थांबला.

"येईन," ती म्हणाली. "आणि हे भंगारात टाकलंस तर याद राख!"