रिकामी गाडी

"काका, आवाज मोजताना गाडी रिकामीच लागते," म्हणत शौनकनं मिरजगावच्या सहादेवकाकांना खाली उतरवलं. साउंडचा नवा प्रोसेसर बसवून झाला होता. समोर डॅशबोर्डवर मालनकाकूंचा हार घातलेला छोटा फोटो होता. माइक लावून तो एकेक स्पीकर वाजवून बघत होता. मागच्या डाव्या सीटजवळच्या स्पीकरचा आवाज काही केल्या दबलेलाच येई. वायर बदलली, स्पीकरही बदलला, तरी तेच.

"सीटवर माणूस बसल्यावर दबतो ना, अगदी तस्सा दबतोय," तो वैतागला.

काकांनी मागचं डावं दार उघडलं. "मालन, उतर जरा. पोराचं काम हुंदे."

शौनकनं पुन्हा मोजलं. आवाज मोकळा आला.

"झालं, काका," तो कसाबसा म्हणाला.

काका दार धरून उभे राहिले. गाडी डाव्या अंगाला किंचित खाली बसली, तेव्हा कुठं त्यांनी दार हळूच लावून घेतलं.