शिळी सुरमई

"डाळीला चव नाही," चंद्रप्रकाश म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवून पाहिलं.

मग तो थांबला.

"                              "

ही रिकामी जागा नलिनीची. लग्न झाल्यापासून प्रत्येक हॉटेलात ती इथे बोलत आली होती. हळू बोला हो. लोक बघतायत. कधी टेबलाखालून चिमटाही काढायची. आता ती समोर बसली होती, डाव्या हातानं भात कालवत होती आणि काही बोलत नव्हती.

उन्हाळ्यात तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, तो हळूहळू परत यायला लागला. बोलणं गेलं. ते आलं नाही.

"शब्द आत आहेत, काका," बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणारी निधी म्हणाली होती. "सवयीचे आधी बाहेर येतात. कुणाचं शुभंकरोती येतं, कुणाच्या शिव्या. काकूंच्या तोंडात सारखं काय असायचं?"

चंद्रप्रकाशला विचार करावा लागला नाही.

म्हणून हे हॉटेल. मुलुंडचं. छताला प्लास्टिकची द्राक्षं, वाटीत पिवळं गरम पाणी. त्यानं डाळीला नावं ठेवली, रोटीला ठेवली, वेटरला बोलावून पनीर चमच्यानं वाजवून दाखवलं. नलिनी पाणी प्यायली.

"                              "

पुढच्या रविवारी घाटकोपर. बाहेर रांग, आत बिर्याणीच्या नावाखाली हळदीचा भात.

"ह्याला बिर्याणी म्हणता? सत्यनारायणाला ह्यापेक्षा बरा मसालेभात होतो आमच्याकडे."

एकानं मोबाइल काढून त्याचं शूटिंग केलं. लोक खरोखरच बघत होते. इतक्या लोकांनी त्याच्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

"                              "

घरी येताना रिक्षात त्यानं तिचा हात धरला. हात ऊबदार होता. निधीचा फोन आला, काय झालं म्हणून. "जेवण भिकार होतं," तो म्हणाला. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतरचा रविवार. बोरीवली, घरापासून चालत. लांब जायचा उत्साह संपला होता. आज नाही बोलली तर हे पुरे, असं त्यानं जिना उतरताना ठरवलं होतं. चार टेबलांची खानावळ. शुभा नावाची मुलगी चालवायची, स्वतः रांधायची, स्वतःच वाढायची. नलिनी वेंगुर्ल्याची, म्हणून त्यानं सुरमईची दोन ताटं सांगितली.

पहिला घास घेतला आणि त्याची पंचाईत झाली.

मीठ बरोबर. भाकरी पातळ, कडेला करपलेली नाही. सोलकढीत लसूण होता, पण हवा तेवढाच. तो आमटीत शोधत राहिला, तळलेल्या तुकडीखाली शोधत राहिला. आयुष्यभर हॉटेलांना नावं ठेवलेल्या माणसाला ठेवायला एक नाव सापडेना. समोर नलिनी खाली मान घालून जेवत होती. ताट निम्मं झालं होतं. ताट संपलं की उठायचं, आणि उठलं की संपलं.

"सुरमई शिळी आहे," तो मोठ्यानं म्हणाला.

वाढता वाढता शुभा थांबली. डाळीला नावं ठेवणं वेगळं. भर दुपारच्या गर्दीत, चार टेबलांच्या खानावळीत, मासा शिळा म्हणणं वेगळं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं आपल्या ताटातली तुकडी बोटानं उलटी करून पाहिली.

"काका, सकाळी मी स्वतः घेऊन आलेय," शुभा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "दुसरं काहीही म्हणा. हे नका म्हणू."

त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तो थांबला. जागा सोडून.

"                              "

"द्या, घेऊन जाते," शुभानं त्याच्या ताटाला हात घातला.

त्या हातावर एक हात पडला. आमटीनं माखलेला.

"ता…" नलिनी म्हणाली. तोंड वाकडं झालं, कपाळावर आठ्या चढल्या. जड पेटी ओढावी तसा तिनं शब्द ओढला. "ताजी. ताजी आहे." मग मान चंद्रप्रकाशकडे वळवली, पण बोलली शुभाशी. "खोटं… बोलतात… हे."

शुभाला काय झालं ते कळलंच नाही. काकू आपल्या बाजूनं आहेत, एवढं कळलं.

"बघा," ती शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाली, "घरचेच सांगतायत." आणि गरम भाकरी आणायला आत गेली.

चंद्रप्रकाशचे डोळे भरून आले होते. नाक वाहायला लागलं होतं. पण त्याचं भांडण अजून बाकी होतं.

"अगं, मग मुलुंडला काय झालं होतं तुला? घाटकोपरला? एवढा बोंबललो मी, माझं शूटिंग केलं लोकांनी. तेव्हा का नाही बोललीस?"

नलिनीनं सुरमईचा काटा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. एक घोट सोलकढी घेतली. मग एकेक शब्द नीट बघून बाहेर ठेवला.

"तिथलं… वाईटच… होतं."