गोल जमल्याशिवाय तोंड नाय

कॉस्मे मास्तर चित्रकलेच्या नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना घरातच विद्यार्थिनी मिळाली, बायको कार्मेलिना. तिला एकच चित्र काढायचं होतं, नवऱ्याचं. मास्तर म्हणाले, "आधी हातान गोल काढूक शिक. गोल जमल्याशिवाय तोंड नाय."

तीन वर्षं ती रोज मासळी साफ करून झाली की गोल काढी. मास्तर कागद नाकाशी धरत. "डाव्या बाजूक चपटो झालो. परत काढ गो. माझी नजर घारीची आसा, माका फसवू नको." शेवटी तिचे गोल असे गरगरीत झाले की, खोटं वाटेल, पण ओसरीत पडलेल्या कागदावर घरची कोंबडी अंडं समजून दोन दिवस उबवायला बसली. मास्तरांचा शेरा तोच, "चपटो."

काल कार्मेलिना चिडली. तिने कोरा कागदच त्यांच्या हातात ठेवला.

"डाव्या बाजूक चपटो. परत काढ."

तिने कागदाकडे पाहिलं, मग त्या घारीच्या नजरेकडे. ती नजर तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली होती. समोर बसून तिने तासाभरात त्यांचं तोंड काढलं, हनुवटीवरच्या तिळासकट, आणि कागद पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"आता सांग रे, कसो झालो?" तिने विचारलं.

तीन वर्षांत मास्तर पहिल्यांदा हसले. "जमलो गो तुका गोल. उद्यापासून माझा तोंड काढूक घे."