अधिक महिन्यातले कपडे

"आजी, तुम्हाला फुकटच आहे," राजवाड्याच्या दारावरची मुलगी म्हणाली. "पासष्टच्या पुढे तिकीट नसतं. ओळखपत्र दाखवा आणि या."

"वयावर नको," माल्सुन म्हणाली. "कपड्यांवर सोड."

जुन्या पद्धतीचे कपडे घालून आलं की कोरियाच्या राजधानीतल्या, सोलमधल्या ग्योंगबोक राजवाड्यात तिकीट पडत नाही. म्हणून तर सोलच्या पोरी भाड्याचे घोळदार झगे घालून तिथे फोटो काढत हिंडतात. माल्सुनला चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यासारखंच आत जायचं होतं. दारावरच्या मुलीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. झाडाच्या सालीच्या धाग्याचं, हातमागाचं पिवळसर कापड. पायघोळ अंगरखा. हात झाकून खाली लोंबणाऱ्या बाह्या.

"काय वेगळं आहे हे, आजी. कुठून घेतलंत?"

"मुलाने शिवून दिलं."

मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने मात्र ते ओळखलं. तो जरा मागे सरकला आणि हळूच म्हणाला, "अहो बाई, हे कफन आहे."

"माहीत आहे. माझंच आहे."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "मग निघालात, की परत आलात?"

"निघालेय. वाटेत राजवाडा लागला."

यंदा अधिक महिना आला होता. अधिक महिन्यात आईबापाचं कफन शिवून ठेवलं की त्यांचं आयुष्य वाढतं, असं माल्सुनच्या गावात, येछनमध्ये, सगळे मानतात. तिच्या मुलाने, ग्यूहोने, त्यासाठी सगळ्यात भारी कापड आणलं. शिवणारणीने सगळं रीतीप्रमाणे केलं: धाग्याला गाठ नाही, कुठे गुंडी नाही, खिसा नाही. शेजारणी आठवडाभर बघायला येत होत्या. असा मुलगा नशिबाने मिळतो म्हणाल्या. प्रत्येकीने कापडाला हात लावून पाहिला. माल्सुनला कोणी काही विचारलं नाही.

नवरा गेल्यापासून ती ग्यूहोकडे एकच गोष्ट मागत होती. एकदा राजवाडा दाखव. तो दर वेळी म्हणायचा, "गुडघे बघ तुझे. पुढच्या वर्षी बघू." आणि आता कफनाची पेटी तिच्या उशाशी येऊन बसली होती. तिच्याकडे बघत झोपायचं, तिच्याकडे बघत उठायचं. माल्सुनला भीती वाटायला लागली. मरणाची नाही, अशी वाट बघत पडून राहण्याची. शेवटी एका रविवारी सगळे झोपेत असताना तिने पेटी उघडली आणि एकटीच पहिल्या बसने सोलला आली. कपडे सोलच्या स्टँडवरच्या बाथरूममध्ये बदलले आणि अंगावरचे सुईदोऱ्याच्या पिशवीत कोंबले. तोंडावर घालायचं फडकं तेवढं घरी कपाटात ठेवलं होतं. त्यातून राजवाडा दिसला नसता.

आत ऊन मी म्हणत होतं. नायलॉनच्या झग्यांतल्या पोरी घामाने निथळत होत्या. माल्सुनच्या अंगाला वारा लागत होता. कफन उन्हाळ्याला फार चांगलं, हे जिवंतपणी कळलेली ती येछनमधली पहिलीच. तिने सिंहासन पाहिलं. राजाला पाठ टेकायची सोय नव्हती, हे पाहून तिला त्याची दया आली. जुन्या चित्रांच्या दालनात एक डोळे वटारलेला वाघ होता. "याला मांजरसुद्धा भ्यायचं नाही," असं म्हणून ती एवढी हसली की दोन परदेशी पोरी येऊन तिच्याबरोबर फोटो काढून गेल्या. दुपारी तिने बर्फाच्या पाण्यातल्या शेवया खाल्ल्या. मिरचीचा एक लाल थेंब छातीवर पडला. तिने तो पुसला नाही.

मग सकाळपासून बंद ठेवलेला फोन तिने चालू केला, आणि तो लगेच वाजला.

"आई, कुठे आहेस तू?" ग्यूहो म्हणाला. "सकाळी कपडे उन्हात घालावेत म्हणून पेटी उघडली. पेटी रिकामी आहे."

"आणि माझं अंथरूण?"

"तेही रिकामं आहे."

"आधी काय बघितलंस?"

तिकडून रडणं ऐकू आलं. पन्नाशीचा ग्यूहो लहान पोरासारखा रडत होता. तो सकाळीच डोंगरावर, बापाच्या थडग्यापाशी तिला शोधून आला होता. माल्सुनला वाईट वाटलं. आपल्यासाठी कोणी इतकं रडेल असं तिला वाटलं नव्हतं, त्यामुळे थोडं बरंही वाटलं.

"रडू नकोस," ती म्हणाली. "राजाच्या अंगणात आहे. संध्याकाळच्या बसने येते."

आता गावभर झालंच होतं, तेव्हा लपवायचं काय, म्हणून ती येछनच्या स्टँडवर कफनातच उतरली. बाकावरच्या दोन बायका किंचाळून उठल्या. ग्यूहो धावत आला. त्याने आईला आधी नीट पाहिलं, हात धरून पाहिला, आणि ती सगळी शाबूत आहे म्हटल्यावर त्याला राग आला.

"माणसं काय म्हणतील, आई? आणि हे लाल काय?"

"मिरची."

"आणि हे?"

कमरेजवळ एक चौकोनी ठिगळ होतं. निळ्या फुलांचं. माल्सुनच्या जुन्या परकराचं कापड होतं ते. धाग्याला चांगल्या घट्ट गाठी मारल्या होत्या.

"खिसा," माल्सुन म्हणाली. "येताना बसमध्ये बसून शिवला."

ग्यूहो बाकावर बसला. "कफनाला खिसा? मेलेल्या माणसाला काय ठेवायचं असतं त्यात?"

माल्सुनने खिशात हात घालून एक तिकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. पुढच्या महिन्यातलं, बसचं, जुन्या राजांच्या दुसऱ्या एका शहराचं, ग्योंगजूचं. एकटीचं.

"तूच म्हणालास ना, हे शिवलं की आयुष्य वाढतं," ती म्हणाली. "वाढलेलं ठेवू कुठे?"