सेनबीचं नाव घेऊ नका

“जो माझं नाव घेईल, तो मरेल!”

उस्ताज नादेर एवढ्या जोरात गरजले की थडग्यातली वटवाघळं भर दुपारी बाहेर पळाली. नादेरसाहेब कैरोहून भुताचा सिनेमा काढायला आले होते. त्यांच्यामागे दगडासारखी रंगवलेली पुठ्ठ्याची पाटी उभी होती. तिच्यावर हाच शाप खोदल्यासारखा लिहिला होता.

दारातल्या राखणदाराने काठी आपटली. “खोटं आहे. सेनबी असं बोललेलाच नाही.”

राखणदाराचं नाव बसतावी. हजला जाऊन आलेला, म्हणून सगळे त्याला हाज म्हणत. सेनबी म्हणजे थडग्याचा धनी, चार हजार वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारावर असलेला कारकून. डोंगरापलीकडे राजांच्या थडग्यांपुढे सकाळपासून बसगाड्या लागत. सेनबीकडे कोणी फिरकत नसे. वाट चुकलेली बकरी आली तरी बसतावीला पाहुणा आल्यासारखं वाटे.

तो नोकरीला लागला तेव्हा पुराणवस्तू खात्यातल्या सित्त दमियानांनी, म्हणजे दमियानाबाईंनी, त्याला भिंतीवरची ओळ वाचून दाखवली होती. ‘अहो जिवंत माणसांनो, या दारावरून जाताना माझं नाव घ्या. सेनबीला हजार भाकरी, हजार घडे बिअर, एवढं म्हणा. तोंडची वाफच ती. तिला कष्ट पडत नाहीत.’

बसतावीला यात नवल वाटलं नाही. त्याच्या गावात कबरीवरून जाणारा माणूस मेलेल्यांना सलाम करूनच पुढे जातो. तेव्हापासून रोज सकाळी कुलूप काढताना तो म्हणे, “सलाम अलैकुम, सेनबी. हजार भाकरी घे, हजार पेले चहा घे.” बिअर हाजच्या तोंडी शोभली नसती.

आता महिनाअखेर त्याची नोकरी संपणार होती. त्याच्या जागी कोणी येणार नव्हतं, थडग्याला नुसतं कुलूप लागणार होतं. मग सेनबीचं नाव कोण घेणार? या घोराने त्याला भाकरी गोड लागत नव्हती. आणि आता हा कैरोचा शहाणा अख्ख्या देशाला सांगणार, नाव घेऊ नका म्हणून!

त्याने सित्त दमियानांना बोलावून घेतलं. त्या धापा टाकत डोंगर चढून आल्या आणि पाटी वाचून हसायलाच लागल्या.

“उस्ताज, धमकीच हवी असेल तर खरी घ्या ना. काही जुन्या थडग्यांवर आहे. ‘अंग न धुता आत आलास, तर पक्ष्यासारखी मान पिरगाळीन.’”

“वा! मान पिरगाळीन! हे झकास आहे.”

“झकास कसलं? माझी सासू स्वयंपाकघराच्या दारात रोज हेच म्हणायची. बाकी मेलेल्यांचं मागणं साधंच असतं. आमच्या बायबलात यूसुफ आहे...”

“आमच्या कुराणातही,” बसतावी म्हणाला.

“आहेच की. आमच्यात लिहिलंय, तो इथंच मेला. इथल्या रीतीने त्याला मसाले भरून पेटीत ठेवलं. म्हणजे तुमची ममीच झाली ना? तो उठून कोणाच्या मानगुटीवर बसला? मरताना एवढंच म्हणाला, तुम्ही घरी परत जाल तेव्हा माझी हाडं बरोबर न्या.”

नादेर हसले. “सित्त, भाकरी मागणारे माझ्या घरी रोज ताटावर बसतात. त्यांना बघायला तिकीट कोण काढील?”

“बरं, शाप तुमचा ठेवा,” बसतावी काकुळतीला आला. “पण नाव तरी दुसऱ्या कोणाचं घाला.”

“नावातच तर मजा आहे, हाज! सेनबी! कसं तोंडात बसतं बघा.”

बसतावी बाहेर जाऊन उन्हात बसला. थडग्याकडे तोंड करायची त्याला लाज वाटली.

सिनेमाचे लोक गेले. महिना संपला. कुलूप लागलं. बसतावी सकाळी गुडघे धरत वर जाई, बंद दाराशी सलाम करी आणि उतरे. गुडघे फार दिवस साथ देणार नाहीत, हे त्याला कळत होतं.

सिनेमा ईदला लागला. ईद झाल्यावरच्या शुक्रवारी डोंगरावरून आरडाओरडा ऐकू आला. थडगं ढासळलं की काय! बसतावी काठी टेकत, देवाचं नाव घेत वर पोचला.

दार सताड उघडं होतं. दारात सित्त दमियाना घामाघूम होऊन तिकिटं फाडत होत्या. समोर खालच्या रस्त्यापर्यंत रांग लागली होती, सगळी तरणी पोरं. एकेक जण आत जाई, छाती काढून ओरडे, “सेनबी!” मग आपण मेलो का ते बघे आणि खिदळत बाहेर येई. एक मुलगी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला आत ढकलत होती. “घे की नाव! एवढ्याला घाबरलास, तर माझ्या बापापुढे काय उभा राहशील?” आतून किनऱ्या आवाजात “सेनबी!” आलं आणि सगळी रांग हसली.

“खात्याने रोज उघडं ठेवायला सांगितलंय,” दमियाना म्हणाल्या. “नवा राखणदारसुद्धा नेमलाय.”

बसतावी काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला. सेनबी, सेनबी, सेनबी. डोंगर नाव परत देत होता.

ती मुलगी त्याच्याजवळ आली. “आजोबा, तुम्ही इथलेच ना? खरं सांगा, याचं नाव घेणारा मरतो?”

बसतावीने तोंड गंभीर केलं.

“मरतो, पोरी. आज ना उद्या प्रत्येक जण मरतो. म्हणून सांगतो, घरी जाऊन हे नाव कोणालाही सांगू नकोस.”